पणजोबांचे नाव : नांदेड-लातूर भागातील आपल्या घराण्यांचा शोध

आठव्या ते दहाव्या शतकात दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट राजांच्या लेखांत 'लत्तलूरपुरवराधीश्वर' असे बिरुद आढळते. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही त्यांचेच एक महत्त्वाचे नगर. त्यांच्या दानपत्रांची रीत ठरलेली असे. राजा प्रथम आपल्या वाडवडिलांची नावे क्रमाने सांगतो आणि मग कोणाला कोणते गाव दिले ते नोंदवतो. मात्र आरंभीच्या ताम्रपटांत नसलेले यदुवंशाचे नाते पुढच्या ताम्रपटांत येऊन बसते. सत्ता वाढली, तशी वंशावळ वरच्या बाजूने लांबली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वंशावळ बहुधा त्याचीच लिहिली जाते, ज्याच्यापाशी देण्याजोगी जमीन असते. आणि वंशावळीत झालेल्या गोष्टींबरोबर इच्छाही लिहिल्या जातात.

त्याच भूमीत, त्याच शतकांत आपलेही पूर्वज राहत होते. त्यांचा ताम्रपट नाही. मी नववीच्या वर्गात दरवर्षी एक साधा प्रश्न विचारतो : पणजोबांचे नाव सांगा. वडिलांचे नाव सर्वांना येते, आजोबांचे बहुतेकांना. पणजोबांपाशी निम्मा वर्ग थांबतो आणि पणजीच्या नावापाशी जवळजवळ सगळा. पुणे-मुंबईत व परदेशात स्थिरावलेले आपले माजी विद्यार्थीही अलीकडे हाच प्रश्न घेऊन येतात. कोणाला जात पडताळणीसाठी वंशावळ हवी असते, तर कोणाला आपल्या मुलांना काही सांगायचे असते. आपल्या नांदेड-लातूर भागात हा शोध कसा घेता येतो, कोणते कागद उपयोगी पडतात आणि त्यातून काय निघण्याची शक्यता असते, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

आपली नावे कोणी लिहिली?

वंशावळ सांभाळण्याची कामे आपल्या समाजरचनेत काही जणांकडे वाटून दिलेली होती. भाट होते. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या भागांत हेळवी घरोघर फिरून पिढ्यांची नावे लिहून घेत. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदवलेल्या आहेत. ज्यांना देवळाच्या पायरीशीच अडवले जाई, त्यांना या वह्यांत सहसा जागा नव्हती. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे या वह्या आपल्याविषयी गप्प का आहेत ते कळते.

परंतु यावरून आपल्या पूर्वजांची नावे कोणीच लिहिली नाहीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. धर्माने आपल्याला नोंदवले नाही, पण राज्याला नोंदवावेच लागले. गावाच्या हद्दीचा वाद निघाला की महाराची साक्ष लागे. सारा गोळा करणे, सरकारी टपाल पोहोचवणे, वेशीवर पहारा देणे ही कामे ज्याच्याकडे होती, त्याचे नाव बलुत्याच्या व इनामाच्या कागदांत येणे अटळ होते. बीदरच्या बादशहाने अमृतनाक नावाच्या महाराला बावन्न हक्कांची सनद दिली, अशी कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. कथेतला तपशील दंतकथेचा असेल, पण आपले हक्क लेखी आहेत ही जाणीव पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती, हे तीवरून स्पष्ट दिसते. नावातला 'नाक' हा शब्दही पुरावाच आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतील बावीस नावे 'नाक' या प्रत्ययाने संपतात. ती नावे दगडावर राहिली म्हणून आज आपण वाचू शकतो. कागदावर राहिलेली नावे मात्र शोधावी लागतात.

शोध कोठून सुरू करावा?

पहिली अडचण हद्दीची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्ह्यांची मोडतोड झाली. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. उलट मुधोळ, भैंसा हा भाग नांदेड जिल्ह्यातून तिकडे गेला. लातूर जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे उदगीरच्या माणसाने पणजोबांचा कागद लातुरात शोधला आणि तो मिळाला नाही, तर निराश होण्याचे कारण नाही; त्याला उस्मानाबाद, बीदर आणि प्रसंगी हैदराबादच्या तारनाका येथील राज्य अभिलेखागारापर्यंत जावे लागेल.

दुसरी अडचण भाषेची आणि कालगणनेची. निजामी दफ्तर आधी फारसीत आणि १८८० च्या दशकापासून प्रामुख्याने उर्दूत आहे. जुने मराठी कागद मोडीत आहेत. सन फसली असतो. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. उदाहरणार्थ, १३५५ फसली म्हणजे १९४५-४६. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज साऱ्या मराठवाड्याला एकाएकी जाणवली. आपल्यालाही तीच गरज आहे. गावातल्या निवृत्त उर्दू शिक्षकांना भेटणे हा सर्वांत सोपा मार्ग होय.

तिसरी अडचण शब्दांची. त्या काळच्या नोंदींत आडनाव क्वचित असते. कांबळे, सोनकांबळे, वाघमारे, गायकवाड, सूर्यवंशी ही आडनावे बहुतेक घरांत शाळेच्या दाखल्याबरोबर पक्की झाली. त्याआधी 'अमुक वल्द तमुक' एवढेच लिहीत. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'जौजे' म्हणजे पत्नी, 'बेवा' म्हणजे विधवा. जातीच्या रकान्यात 'महार' शोधणाऱ्याला पुष्कळदा काहीच सापडत नाही, कारण तेथे 'धेड' असे हीनतादर्शक नाव लिहिलेले असते. तेलंगणाच्या सीमेवर माला, मादिगा ही नावे येतात. तो शब्द वाचताना मन कडू होते. पण त्याच ओळीत पुढे आपल्या माणसाचे नाव असते, म्हणून ती ओळ सोडून चालत नाही.

आता प्रत्यक्ष कागदांकडे वळू. मराठवाड्यातील शेतजमिनीच्या शोधाचा पाया म्हणजे १९५४-५५ चे खासरा पत्रक. त्यामागे पहाणीचे व इनामाचे कागद पाहावेत. हैदराबाद राज्यात १९५४ च्या कायद्याने इनामे खालसा झाली, त्या वेळच्या चौकशीत कोण कोणाचा वारस ते लिहावे लागले. महाराच्या हाडोळ्याची जमीन ज्या घराकडे होती, त्याने हे कागद अवश्य पाहावेत. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ आहे. शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर तर अनुसूचित जातीच्या घराला माहीतच असते, कारण १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला की आपण तेथेच धावतो. मात्र हे रजिस्टर पाहताना जातीचा रकाना पाहून थांबू नये. पालकाचा व्यवसाय कोणता लिहिला आहे, मूल कोणत्या वयात दाखल झाले, किती महिन्यांत शाळा सोडली आणि कारण काय दिले आहे, हे सारे वाचावे. जनगणनेत कोणी काय सांगितले ते मात्र पाहायला मिळत नाही. कायद्याने ती माहिती गोपनीय आहे.

एका पणजीचा कागद

असा कागद काय करू शकतो, याचे एक उदाहरण माझ्या घरातलेच देतो. पणजोबांनी दारूपायी जमीन घालवली, असे आमच्या घरात सांगत. कोणी व्यसनाकडे वळू लागला की हीच गोष्ट त्याला ऐकवली जाई. चुलत्यांच्या पत्र्याच्या पेटीत उर्दूतला एक कागद होता. कोणाला वाचता येत नव्हता, पण कोणी टाकूनही दिला नव्हता. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो वाचून दाखवला. ते १३४१ फसलीचे, म्हणजे १९३१-३२ चे गहाणखत निघाले. लिहून देणार म्हणून पणजीचे नाव होते, नावापुढे 'बेवा' असा शब्द होता आणि खाली अंगठा होता. कारण लिहिले होते : थकलेला सरकारी सारा भरण्यासाठी.

म्हणजे जमीन गहाण पडली तेव्हा पणजोबा हयातच नव्हते. लहान मूल पदरात असलेल्या एका विधवेने सारा भरण्यासाठी ती गहाण ठेवली आणि ती पुन्हा सुटली नाही. ते मूल, म्हणजे माझे आजोबा, पुढे नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला लागले. हे ऐकल्यावर माझ्या वृद्ध आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "तिचं नाव काय लिहिलंय, परत वाच." ज्या पणजीचे नावही आम्हा नातवंडा-पतवंडांना ठाऊक नव्हते, ती आमच्या घराच्या इतिहासाच्या मधोमध उभी होती आणि एका मृत माणसावरचा आळ एका कागदाने दूर झाला होता. अशा पेट्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील.

बाबासाहेबांच्या घराण्याचा धडा

आपल्या समाजातील सर्वांत चांगला अभ्यासलेला कुटुंब-इतिहास अर्थातच बाबासाहेबांचा. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. त्यावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सुभेदार सैन्यातील शाळेत शिक्षक व मुख्याध्यापक झाले. आई भीमाबाई यांचे माहेर मुरबाडकरांचे, तेही लष्करी घराणे. बाबासाहेब एकाएकी अवतरले असे मानणाऱ्यांनी या दोन पिढ्या पाहाव्यात. लष्कराच्या नोकरीने या घरात पगार, शिस्त आणि अक्षर आणले होते. भीमाबाईंच्या निधनानंतर मुलांना सांभाळणारी मीरा आत्या या इतिहासात सहसा एका ओळीत येते. पण ती नसती तर काय झाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या घराण्याचा आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद एका शाळेतच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासन हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली, त्याला ती रोजच्यासारखीच वाटली असेल. आपल्या शाळेची रजिस्टरे जपणे ही केवळ कार्यालयीन बाब का नाही, हे यावरून कळावे.

न आवडणारे पूर्वज

शोधाला निघालेल्याने एक तयारी ठेवली पाहिजे. सापडणारा प्रत्येक पूर्वज आपल्या आजच्या विचारांचा असेलच असे नाही. कोणी पोतराज निघेल, कोणी वारकरी, कोणी गावच्या देवीच्या पालखीचा मानकरी. कोणाच्या घरात दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या धर्माचे नाते निघेल. शरणकुमार लिंबाळे यांनी 'अक्करमाशी' या आत्मकथनात १९८४ मध्ये आपल्या जन्माचे सत्य लपवून न ठेवता मांडले. बाप एका जातीचा, आई दुसऱ्या जातीची आणि माया लावणारा आजोबा मुसलमान, असे ते घर होते. वाचणाऱ्याला अस्वस्थ करणारी ती प्रामाणिकता आपल्या कुटुंब-इतिहासात असली पाहिजे.

चौदाव्या शतकातील चोखोबांचे घर पाहा. ते स्वतः, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, असे अख्खे कुटुंब अभंगरचना करणारे होते. त्यांचा मार्ग आपला नाही. तरीही बाबासाहेबांनी १९४८ मधील अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. मार्ग वेगळा म्हणून माणसाला नाकारू नये, एवढे त्यावरून घेता येते. मातंग समाजातील बांधवांनी मुक्ता साळवे हिचे नाव मुलांना अवश्य सांगावे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना आपले पूर्वज शोधताना १८७० या वर्षापाशी भिंत लागते. त्या वर्षीच्या जनगणनेत मुक्त झालेल्या गुलामांची नावे प्रथमच सरसकट लिहिली गेली. त्याआधी १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव असे आणि गुलामाचे बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण. ॲलेक्स हेली यांच्या १९७६ च्या 'रूट्स' या ग्रंथाने ती भिंत ओलांडण्याची ओढ जगभर निर्माण केली. पुढे अभ्यासकांनी त्यातील काही दुव्यांवर आक्षेप घेतले. ओढ खरी असली तरी पुरावा तपासावाच लागतो, हा धडा आपणही घ्यावा. आपल्याला राजवंशाशी नाते जोडून देणारा कोणी भेटला, तर राष्ट्रकूटांचा यदुवंश आठवावा.

सर्वांत जवळचा, सर्वांत अनोळखी पूर्वज

मग शोधायचे कोणाला? माझ्या मते, ज्याने किंवा जिने निर्णय घेतला, त्या माणसाला. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेचा हा परिणाम आपण अभिमानाने सांगतो. पण या आकड्याचा अर्थ असा की, गावागावांत दारात आलेल्या गणकाला कोणीतरी धर्म विचारल्यावर 'बौद्ध' असे उत्तर दिले. पुष्कळदा तो गणक गावातलाच असे आणि ते उत्तर गावाला आवडणारे नसे. आपल्या घरातून ते उत्तर कोणी दिले?

असेच आणखी प्रश्न विचारता येतील. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला घरातले कोण चालत गेले होते? येसकरकी प्रथम कोणी सोडली आणि त्यानंतर गावाने काय केले? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात कोण तुरुंगात गेले? मिलिंद महाविद्यालयात घरातले पहिले पाऊल कोणाचे पडले? नामांतराच्या काळात, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली त्या १९७८ च्या दिवसांत, आपल्या घरच्यांनी कोठे आसरा घेतला आणि आसरा देणारे कोण होते? हा शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नये, कारण त्याच्या उत्तरात कधी कधी आपल्या समाजाबाहेरचे नावही निघते.

जन्मावरून माणसाची थोरवी ठरत नाही, ती त्याच्या कर्मावरून ठरते, हे तथागतांनी सांगितले. कुटुंबाचा इतिहास लिहितानाही हीच कसोटी लावावी. आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत असेल, तर त्याही लिहून घ्याव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या ओव्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांत माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, तिचे माहेर, तिची भावंडे आणि तिचा भीम ओवीत सापडतो.

घाई करण्याचे कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यांच्याबरोबर घराघरांतल्या पेट्या आणि पेट्यांतले कागद मातीखाली गेले, आणि तोंडी वंशावळ सांगणारी वडीलधारी माणसेही गेली. भूकंप नेहमी येत नाही, पण वय नेहमीच वाढते. १९५६ साली वीस वर्षांचे असलेले आज नव्वदीच्या घरात आहेत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. येत्या सुटीत गावी गेल्यावर घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसा, मोबाइलवर तिचे बोलणे नोंदवून घ्या आणि बोलण्यात आलेले प्रत्येक नाव, गाव आणि साल वहीत उतरवा. आईकडच्या बाजूलाही तितकीच पाने द्या. पेटीतला जुना कागद वाचता येत नसेल, तर त्याचे छायाचित्र काढा व मूळ कागद घडीवर फाटणार नाही असा ठेवा. जे पुराव्याने सिद्ध होते आणि जे केवळ ऐकीव आहे, ते वेगवेगळे लिहा. अशी दहा-बारा पाने प्रत्येक घरातून शाळेच्या ग्रंथालयात आली, तर पुढच्या पिढीतल्या इतिहासाच्या शिक्षकाला नांदेड-लातूरचा इतिहास शिकवताना राष्ट्रकूटांच्या ताम्रपटाशेजारी आणखी एक दफ्तर उघडता येईल. त्यात आपल्या पणज्यांची नावे असतील.